करमणुकीचे मोल कोण भरतो?

कळंबा, ता. करवीर

आमच्या मंडळ्यांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. तो असा की, एखादा गवई, नट किंवा विनोद करणारा मनुष्य आपल्या कलेत निपुण आहे, पण त्याच्या कृतीने किंवा वाणीने गोरगरिबांना, खालच्या मानलेल्या जातींना अथवा असहाय स्त्रियांना इजा पोहोचते. अशा मनुष्याचा खेळ आपण पैसे देऊन पाहावा काय? गावच्या जत्रेतील करमणुकीसाठी वर्गणी मागितली जाते, तालुक्याच्या गावी चित्रपट लागतो, आणि आता तर प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलवर अहोरात्र गाणेबजावणे चालू असते. तेव्हा हा प्रश्न शहरातल्या शिकलेल्या लोकांचाच आहे असे कोणी समजू नये. तो आपल्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे.

या प्रश्नाला दोन उत्तरे झटपट दिली जातात. पहिले असे की, कला निराळी आणि कलावंत निराळा. आपण गाणे ऐकावे, गाणाऱ्याच्या वर्तनाशी आपल्याला काय कर्तव्य? दुसरे असे की, करमणूक म्हटली की ती मुळातच वाईट, सबब सर्वच वर्ज्य करावी. दोन्ही उत्तरांत एक सोय आहे. दोहोंतही विचार करण्याचे श्रम वाचतात. परंतु श्रम वाचवून मिळालेले उत्तर सद्विवेकबुद्धीला फार काळ पुरत नाही. म्हणून आपल्याच महाराष्ट्रात घडलेल्या एका गोष्टीच्या आधाराने या प्रश्नाचा शोध घेऊ या.

पठ्ठे बापूराव हे नाव ठाऊक नाही असा जुना मराठी मनुष्य विरळा. त्यांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. आजच्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष या गावी, ब्राह्मण कुळकर्ण्याच्या घरात १८६६ साली त्यांचा जन्म झाला. लावणीच्या छंदापायी त्यांनी घरदार आणि जातीतली प्रतिष्ठा सोडली, आणि महार-मांगांच्या फडात जाऊन ते शाहीर झाले. महार समाजातील पवळा ही रूपवान आणि गुणी नर्तकी त्यांच्या फडात होती. बापूरावांची रचना आणि पवळेचा नाच यांनी मुंबईतील नाट्यगृहे भरून जात असत. स्वजातीने वाळीत टाकले असताही बापूराव मागे फिरले नाहीत. त्यांना क्रूर अथवा जातीचा गर्व बाळगणारा मनुष्य म्हणता येणार नाही.

१९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाड येथे चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह केला. त्या कार्याला द्रव्याची फार निकड होती. त्या समयी बापूरावांनी आपल्या तमाशाच्या काही खेळांचे उत्पन्न या कार्यास देऊ केले. बाबासाहेबांनी ते नाकारले. कारण उघड होते. ज्या समाजाच्या मानासाठी हा लढा मांडला होता, त्याच समाजातील स्त्रियांना नाचवून तो पैसा मिळालेला होता. बहिणीचा मान विकून आलेल्या पैशाने भावाचा मान विकत घेता येत नाही, असा त्या नकाराचा अर्थ आहे.

वाचकहो, या नकाराचा नीट विचार करा. नाकारणारा मनुष्य रूक्ष किंवा रसहीन नव्हता. संगीताची त्यांना गोडी होती आणि उतारवयात ते व्हायोलिन शिकले. देणारा मनुष्य दुष्ट नव्हता. ज्या कार्यासाठी पैसा देऊ केला ते कार्य उत्तम होते, आणि गरजही खरी होती. इतके सर्व अनुकूल असतानाही नकार आला. म्हणजे कला सुंदर आहे काय, कलावंत मनाने भला आहे काय, किंवा पैसा सत्कार्याला लागणार आहे काय, या तीनही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असूनही मुख्य प्रश्न शिल्लक राहिला. तो प्रश्न हा की, या करमणुकीचे मोल कोण भरतो?

आपण समजतो की मोल प्रेक्षक भरतो, कारण तिकीट तो काढतो. वस्तुतः तिकीट ही मोलाची केवळ एक बाजू आहे. तमाशाच्या फडापुढे दौलतजादा करण्याची चाल होती. पैसेवाला प्रेक्षक नाणे दाखवी, आणि ते घेण्यासाठी नर्तकीने त्याच्याजवळ यावे, त्याचा हात, त्याची थट्टा आणि त्याची नजर सोसावी, अशी रीत होती. तेथे नाणे हेच अपमानाचे हत्यार झाले. देणाऱ्याने एक रुपया दिला, तिने मात्र आपली अब्रू दिली. दिवसा जिची सावली चालत नसे, तिला रात्री जवळ बोलावण्यास कोणाचा धर्म आड येत नसे. असा हा सौदा होता. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मचरित्रात, अशा नाचणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेल्या मुलाच्या वाट्यास काय येते हे लिहून ठेवले आहे. नाच पाहणारे रात्र सरताच घरी गेले. त्या रात्रीचे मोल मात्र ते मूल वर्षानुवर्षे फेडत राहिले.

आता कोणी म्हणेल, ‘मग तमाशा बंद करावा, हेच बरे.’ तोही प्रयोग होऊन गेला आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. पुढे ती उठली आणि वग आधी तपासून घेण्याची अट आली. पण बंदीच्या काळात उपाशी कोण राहिले? दौलतजादा करणारा राहिला नाही. ढोलकीवाला, सोंगाड्या आणि नाचणारी बाई हीच उपाशी राहिली. ज्यांना आधीच इजा झाली होती, त्यांच्याच पोटावर दुसरा घाव बसला. मांग समाजातील विठाबाई नारायणगावकर या थोर कलावतीची गोष्ट सर्वश्रुत आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या राहिल्या, खेळ चालू असताच आत जाऊन प्रसूत झाल्या, आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या. त्यांचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. परंतु अखेरचे दिवस हालअपेष्टांत गेले, आणि २००२ साली त्या वारल्या. पुढे त्यांच्या नावाने राज्य शासनाचा पुरस्कार सुरू झाला. अशा बाईच्या कलेकडे पाठ फिरवणे याला सोवळेपण म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. बाबासाहेबांचा नकार आणि सरकारची बंदी या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची दिशा उलट आहे. त्या नकाराचा तोटा नाकारणाऱ्याने स्वतः सोसला. बंदीचा तोटा दुर्बळांवर पडला. जो बहिष्कार आपल्याला काहीच खर्चात पाडत नाही आणि दुबळ्याचे ताट मात्र ओढून घेतो, त्याविषयी आपण सावध असावे.

‘कला निराळी, कलावंत निराळा’ या म्हणण्यातही काही तथ्य आहे, हे नाकबूल करू नये. रचणाऱ्याने पाप केले म्हणून लावणीचा ताल चुकत नाही. परंतु आपला पैसा तालाच्या हाती पडत नसतो. तो एका मनुष्याच्या हाती पडतो, आणि त्या हाताचे बळ वाढवतो. शिवाय कित्येकदा इजा कलावंताच्या खासगी वर्तनात नसून खेळाच्या पोटातच असते. अमेरिकेत १८३० च्या सुमारास टॉमस राईस नावाचा गोरा नट तोंडाला काळे फासून, गुलाम निग्रो मनुष्याची नक्कल करीत ‘जिम क्रो’ या नावाने नाचे. लोक पोट धरून हसत. पुढे त्याच धर्तीच्या मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या. गुलामगिरीतून सुटून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४८ साली अशा नटांचा आपल्या वर्तमानपत्रात कडक निषेध केला. पुढे काळ्या लोकांना शाळा, आगगाडी आणि उपाहारगृहे यांतून वेगळे ठेवणारे कायदे झाले, तेव्हा त्या कायद्यांना लोकांत नाव पडले तेही ‘जिम क्रो’ हेच. तीन पिढ्या ज्याला हसण्याची सवय लागली, त्याला माणूस समजण्याची सवय सहजी लागत नाही. हसणे ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या काळातील एक उदाहरण घेऊ. मुंबईत वांद्रे येथे २८ सप्टेंबर २००२ रोजी रात्री एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली. त्यात एक मनुष्य मृत्यू पावला व चौघे जखमी झाले. या प्रकरणी चित्रपट नट सलमान खान यांना ६ मे २०१५ रोजी सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली, आणि १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. न्यायालयाने ज्याला सोडले त्याला आपण दोषी म्हणू नये. तो आपला अधिकार नव्हे. पण सत्र न्यायालयाचा निकाल लागला त्या दिवशी अभिजीत भट्टाचार्य या प्रसिद्ध पार्श्वगायकाने, रस्त्यावर झोपणारे कुत्र्याच्या मौतीने मरतील अशा आशयाचे शब्द जाहीरपणे लिहिले. त्यावर देशभर संताप झाला, आणि नंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. येथे पुराव्याचा वाद नाही. शब्द त्यांचे स्वतःचे होते. गोड गळा असलेल्या मनुष्याच्या तोंडून निराधारांविषयी असे शब्द निघतात, तेव्हा ते हजारो ऐकणाऱ्यांना तसेच बोलण्याची मोकळीक देतात. पदपथावर झोपणारा मनुष्य त्याला उत्तर द्यायला कोठे जाणार? त्याच्याजवळ ना गळा, ना व्यासपीठ. म्हणून ऐकणाऱ्यांनी बोलणे प्राप्त होते, आणि ऐकणाऱ्याचे सर्वांत स्पष्ट बोलणे म्हणजे त्याचा पैसा व त्याची टाळी.

करिंथ येथील मंडळीत मूर्तीस अर्पिलेल्या मांसाविषयी वाद पडला होता, हे वाचकांना ठाऊक आहेच. प्रेषित पौलाने तेथे मांसाचे गुणदोष पाहत बसण्याऐवजी पंगतीतल्या दुबळ्या भावाकडे बोट दाखवले. आमच्या प्रश्नालाही तोच न्याय लागू पडतो. गाणे शुद्ध की अशुद्ध, याची चर्चा रात्रभर करता येईल. पण त्या गाण्याने जो दुखावला आहे त्याला आपण विचारले आहे काय? आमच्या खेड्यांतील कित्येक ख्रिस्ती कुटुंबे ज्या वाड्यांतून आली, त्याच वाड्यांतून फडावर नाचणाऱ्या बायाही आल्या. त्या आमच्या आज्या-पणज्यांच्या शेजारणी होत्या. ‘आपल्याला काय त्याचे?’ असे म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही.

तेव्हा व्यवहारात कसे वागावे? पहिली गोष्ट, खरे काय ते शोधावे. मोबाईलवर आलेल्या प्रत्येक वार्तेवरून कोणाचे नाव टाकून देणे हाही एक जुलूमच आहे. दुसरी गोष्ट, ज्यांना इजा झाली त्यांचे म्हणणे प्रथम ऐकावे. ते म्हणतील ‘हा खेळ चालू द्या, पण आमची मजुरी आम्हाला द्या’, तर तसेच करावे. ते म्हणतील ‘आमची थट्टा थांबवा’, तर थट्टेला पैसा देऊ नये. तिसरी गोष्ट, ज्याने इजा केली तो वळला आहे काय, भरपाई करीत आहे काय, हे पाहावे. दार बंद करावे, पण खिळे ठोकून बंद करू नये. केवळ कोरडी क्षमायाचना निराळी आणि झालेले नुकसान भरून देणे निराळे. हा भेद गावचा पंचही जाणतो.

आणि चौथी गोष्ट अशी की, नकार देऊन आपले कर्तव्य संपत नाही. या बाबतीत आपल्या कोल्हापुरातच उत्तम धडा आहे. राजर्षी शाहू महाराज कलांचे मोठे आश्रयदाते होते. अल्लादिया खाँसाहेब त्यांच्या दरबारी गवई होते, आणि आज केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाणारे नाट्यगृह त्यांनीच १९१५ साली बांधवले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी ते आगीत सापडले तेव्हा सारे शहर हळहळले. पण त्याच महाराजांनी आपल्या आश्रयाचा आणखी एक उपयोग करून दाखवला. गंगाराम कांबळे या महार सेवकाला पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्याला चहाचे दुकान काढून दिले. सवर्ण गिऱ्हाइके फिरकत ना. मग स्वतः महाराज आपली गाडी त्या दुकानापुढे थांबवून चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो घ्यावा लागे. एक कप चहाची किंमत ती काय! पण कोणाच्या हातून घेतला, यामुळे त्या चहाला मोल आले.

आपला पैसा थोडा आहे, म्हणून तो कोणाच्या जमेत नाही असे समजू नये. जत्रेच्या वर्गणीची पावती फाडताना, चित्रपटाचे तिकीट घेताना किंवा एखाद्या टिंगलीवर हसताना प्रत्येकाने क्षणभर थांबावे, आणि या माझ्या करमणुकीचे मोल कोण भरतो, हे मनाला विचारावे. मी भरत असेन तर सुखाने पाहावे. माझ्याऐवजी कोणी दुबळा भरत असेल, तर ते नाणे खिशात परत ठेवावे. आणि शक्य असेल तर त्या दुबळ्याचे दार शोधून तेथे ते प्रामाणिक मजुरीच्या रूपाने द्यावे.