नांगर उचलण्यापूर्वी

वाल्या कोळ्याची कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. आपल्या पापात तुम्ही वाटेकरी आहात काय, असे त्याने घरच्यांस विचारले आणि घरच्यांनी साफ नकार दिला. कथेचा सारा रोख वाल्यावर असल्याने ती त्याच्याबरोबर पुढे निघून जाते. घरच्यांचे उत्तर योग्य होते काय, याची चौकशी कोणी करीत नाही. आम्हीही साठी उलटेपर्यंत ती केली नव्हती. तो प्रसंग भर समुद्रात आला.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात आमच्या एका स्नेह्यांनी आपल्या खासगी यांत्रिक नौकेतून पणजीहून मालवणपर्यंत येण्याचे आमंत्रण दिले. या दिवसांत कोकणचा समुद्र सकाळी शांत असतो. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटला की लाटा उठू लागतात. म्हणून पहाटे निघावे, दुपारपूर्वी बंदर गाठावे आणि मग गाव पाहावे, असा क्रम ठरला. आग्वाद मागे पडला, तेरेखोल गेले, रेडी गेले. वेंगुर्ल्यास मुक्काम झाला. रस्त्याने वळसे घेत गाठावे लागणारे गाव समुद्रातून एकाच दृष्टिक्षेपात सामोरे येते: माडांची रांग, कौलारू घरे, पुळणीवर ओढून ठेवलेल्या होड्या. पूर्वी मुंबई-गोवा आगबोटीच्या उतारूंनाही असेच दर्शन घडे. परंतु आगबोट सर्वांची होती, तिच्या वेळा आपल्या हाती नव्हत्या, आणि जेथे धक्का नसे तेथे किनारा गाठण्यास गावच्या पडावावाल्याचाच आधार घ्यावा लागे. खासगी नौकेस असे कोणाचे मिंधेपण नाही. मनास येईल तेव्हा नांगर टाकावा, मनास येईल तेव्हा उचलावा. या स्वातंत्र्याचे सुख आम्हीही मनमुराद उपभोगले, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी निवतीच्या अलीकडे नौकेस हिसका बसला आणि इंजिन बंद पडले. पंख्यात मासेमारीचे जाळे गुंतले होते. त्याचे बोये पाण्यावर स्पष्ट दिसत होते. आम्ही मंडळी गप्पांत रंगलो होतो आणि सुकाणूवरील माणसाचे लक्ष आमच्या गप्पांकडे होते. खलाशाने पाण्यात उतरून सुरीने जाळे कापून काढले. दूरवर एका लहान होडीत कोणी हात हलवीत उभे होते. स्नेही म्हणाले, "वारा सुटण्यापूर्वी मालवण गाठले पाहिजे." नौका निघाली. 'थांबा' हा शब्द आमच्या ओठांपर्यंत आला आणि तेथेच राहिला. नौका आमची नव्हती, सुकाणू आमच्या हाती नव्हते, आम्ही तर पाहुणे होतो! वाल्याच्या घरच्यांचे म्हणणे याहून निराळे ते काय होते?

मालवणास सिंधुदुर्ग पाहिला. शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्याच्या उभारणीस आरंभ केला, त्या दुर्गापुढे उभे राहूनही मन रमेना. सायंकाळी पुळणीवर रापण ओढली जात होती. दोरास हात लावणाऱ्या परक्याच्या पदरातही चार मासे घालण्याची तेथील रीत आहे. ते पाहताना वाटले, केवळ हात लावल्याने लाभाचा वाटा मिळत असेल, तर सुख भोगणाऱ्यास हानीच्या वाट्यातून मोकळे कसे राहता येईल?

दुसऱ्या सकाळी आम्ही रिक्षा करून निवतीस गेलो. विचारपूस करता होडीवाला सापडला. त्याने जाळ्याची किंमत घेतली; अधिक देऊ केलेले पैसे परत केले. म्हणाला, "तुमी तेवाच थांबलात असतात, तर बरां झालां असतां." मग समुद्राकडे पाहत पुटपुटला, "आता दिवस कितके रवले?" १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते, आणि समुद्र तर त्याआधीच खवळू लागतो. जाळ्याची किंमत आम्ही देऊ शकलो. हंगामाचे बुडालेले दिवस देणे आमच्या हाती नव्हते.

परतताना आमच्या नोकरीची आठवण झाली. तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही एका कचेरीतून दुसरीत बदलून गेलो. आमच्या सहीचे परिणाम त्या त्या गावाने सोसले. तोवर आमचा नांगर उचललेला असे. निर्णय वरिष्ठांचा, आम्ही केवळ सही करणारे, हे समाधान तेव्हा पुरत असे. आज ते पुरत नाही.

जो निघून जाऊ शकत नाही, त्यास गाव जाब विचारू शकते. जो केव्हाही निघून जाऊ शकतो, त्यास अडविणारे त्याच्या मनाखेरीज कोणी नसते. म्हणूनच थांबण्याचे कर्तव्य त्याच्यावर अधिक आहे, आणि त्याच्यासोबत बसलेल्यांवरही. आपली घराणी बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव अशा ठिकाणी बाहेरूनच आली. ती तेथली झाली, कारण ती थांबली आणि शेजाऱ्यांच्या बऱ्यावाईटास उत्तरदायी राहिली.

स्नेह्यांचा आमच्यावर रोष नाही. यंदाही आमंत्रण आले. आम्ही होकार कळविला. मात्र वाटेत 'थांबा' म्हणण्याचा अधिकार आम्हांस असावा, एवढी एक अट घातली आहे.