प्रवेश आणि पंगत



जून महिना आला की आपल्या वस्तीतून कोणी ना कोणी मुलगा किंवा मुलगी पुण्याला कॉलेजात जाते. बाप साखर कारखान्यावर रोजंदारीने राबणारा, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी. दीक्षा घेतलेल्या घरात तर दाखल्यावर काय लिहायचे याचीच आधी धास्ती असते. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले होते, हे जुन्या माणसांना आठवत असेल. दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाची खोली एवढे जमले म्हणजे घरात पेढे वाटले जातात. आणि दिवाळीच्या सुट्टीत तेच मूल घरी येते ते गप्प गप्प असते. आई विचारते, "फी भरली, खोली मिळाली, आता तुला कमी काय आहे?" मुलाला उत्तर देता येत नाही.

त्या आईचा प्रश्न साधा वाटतो, पण तो नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. संस्थेने दार उघडले म्हणजे तिचे कर्तव्य संपले काय? आत गेल्यावर कोण कोणाशेजारी बसतो, शिक्षक कोणाला किती वेळ देतो, ही गोष्ट ज्याच्या त्याच्या मनाची म्हणून सोडून द्यायची काय? "कायद्याने मन बदलत नाही" असे शिकलेली माणसेसुद्धा मोठ्या शहाणपणाने सांगतात. हे वाक्य बहुधा ज्याला काही बदलायचे नसते तोच उच्चारतो असा माझा अनुभव आहे.

या प्रश्नाशी ज्यांनी सारी कारकीर्द झुंज घेतली अशा एका माणसाची हकिगत आपल्या घराघरात माहीत असली पाहिजे. डॉ. सुखदेव थोरात यांचा जन्म १९४९ सालचा, अमरावती जिल्ह्यातील महिमापूर गावी, दलित कुटुंबात. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढले. भिक्षू नागसेनाला निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव त्या कॉलेजला दिले गेले, परिसराला नागसेनवन हे नाव पडले. त्या मिलिंद महाविद्यालयात थोरात शिकले, औरंगाबादेतच प्राध्यापक झाले, पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवू लागले. २००६ साली ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि २०११ पर्यंत त्या जागेवर राहिले. हा आयोग देशातील विद्यापीठांना अनुदान देतो व शिक्षणाचा दर्जा ठरवतो. अनुदान ज्याच्या हातून जाते त्याचे परिपत्रक कुलगुरूला वाचावेच लागते, एवढे तुम्हांला सांगायला नको.

थोरात सरांची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी अन्यायाविरुद्ध भाषणे करण्याऐवजी अन्याय मोजला. पॉल अ‍ॅटवेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी ६६ आठवडे वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिराती गोळा केल्या. ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी. फरक फक्त नावाचा. एक नाव उच्चवर्णीय हिंदूचे वाटावे, एक दलिताचे, एक मुसलमानाचे. २००७ साली निष्कर्ष छापून आला. उच्चवर्णीय नावाच्या मानाने दलित नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची संधी सुमारे दोन तृतीयांश होती, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश.

येथे थोडे थांबा. या सगळ्या प्रकारात कोणी कोणाला शिवी दिली नाही. कोणी विटाळ मानला नाही. कुठल्या तरी कचेरीत कारकुनाने एक पाकीट उजवीकडे ठेवले, एक डावीकडे सारले. त्याला विचारले असते तर तो शपथेवर म्हणाला असता की मी जात पाहत नाही, आणि कदाचित ते खरेही असते. आता आपण बौद्धांनी याचा निवाडा कसा करायचा? तथागतांनी चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म म्हटले आहे. हेतू नाही तर कर्म नाही, मग दोष कोणाचा? पुष्कळ दिवस हा प्रश्न मला अडवत होता. माझे उत्तर असे की ज्या सवयीकडे माणूस कधी डोळे उघडून पाहतच नाही ती सवय म्हणजेच प्रमाद, बेसावधपणा. आणि प्रमादाला तथागतांनी कधीही माफी दिलेली नाही. हात आपोआप डावीकडे गेला हे खरे, पण तो आपोआप जाऊ दिला कोणी?

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हेच निराळ्या रूपाने दिसले. तेथील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी २००६ साली थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ च्या अहवालात या विद्यार्थ्यांपैकी ६९ टक्के जणांनी शिक्षकांकडून पुरेसे साहाय्य मिळत नाही असे सांगितले होते. त्रासाला कंटाळून मुले खोल्या बदलून एकमेकांच्या आश्रयाला एकत्र राहू लागली होती. देशातील सर्वांत हुशार समजली जाणारी ही मुले! प्रवेश मिळाला होता, पण वसतिगृहाच्या आत पुन्हा एक महारवाडा तयार झाला होता. दिवाळीत गप्प बसणाऱ्या मुलाचे उत्तर या अहवालात आहे.

आयोगावर असताना त्यांच्या काळात विद्यापीठांत सामाजिक बहिष्काराचा व समावेशक धोरणाचा अभ्यास करणारी केंद्रे निघाली, कॉलेजांत समान संधी केंद्रांची योजना आली, मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जादा वर्गांना पैसे मिळाले. जादा वर्गांबद्दल मी थोडा साशंक आहे. त्यात कमतरता मुलाची धरली जाते. ज्या शिक्षकाला दलित मुलाकडे पाहून शिकवता येत नाही त्याच्यासाठी जादा वर्ग कुठे आहे? तरी केंद्र असणे आणि नसणे यांत फरक आहेच. ते अध्यक्षपदावरून गेल्यानंतर २०१२ साली आयोगाने नियम काढले आणि प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी असावा असे ठरवले. त्यानंतर १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली.

मग नियम व्यर्थ म्हणायचे काय? याचे उत्तर मला विनयपिटकातील उपालीच्या कथेत मिळते. उपाली शाक्यांचा न्हावी. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद वगैरे शाक्यकुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा तोही बरोबर होता. कुमारांनीच तथागतांना विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. तसे झाले. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या दिवसावरून ठरे; कुळावरून ठरत नसे. हा नियम होता. तथागतांजवळ करुणेचा सागर होता, तरीही पंगतीत कोणी कुठे बसायचे हे त्यांनी करुणेवर सोपवले नाही, विनयावर सोपवले. आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाची उत्तरे द्यायला उभा राहिला तो हाच न्हावी. ज्याला नियमावाचून सर्वांत जास्त सोसावे लागते, त्याच्या हाती नियम आला की तो कागदावर पडून राहत नाही. जेथे कागदच राहिला तेथे उपाली नव्हता, असे समजावे.

हे विद्यापीठाला सांगणे सोपे आहे. आपल्या दारात काय चालते ते पाहू. आमच्या सोमेश्वरनगरला दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडून, मराठवाड्यातून. मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवरा-बायको कोयता चालवतात, मुले कोप्यांत धाकटी भावंडे राखतात. शाळेत आली तर अर्ध्या सत्रात येतात. त्यांतल्या एका मुलाचे नाव हजेरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले मी एका शाळेत पाहिले. हंगाम संपला की खोडायला सोपे जावे म्हणून.

आमच्या विहारात दिवाळीनंतर संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू होतो. पहिल्या दिवशी आपली मुले यायच्या आधी टोळीतली दोन मुले दारात येऊन उभी होती. मी वहीत नावे येण्याच्या क्रमाने शाईने लिहिली, आणि बसायचा क्रमही वहीप्रमाणेच ठेवला. आठ दिवसांत दोन घरांतून निरोप आला, "गुरुजी, वर्ग आपल्या मुलांसाठी आहे ना? ही तर आपली नव्हेत, पुढे का बसतात?" त्या दोन्ही घरांत बाबासाहेबांची तसबीर आहे, आणि दोन्ही घरांतली मुले पुण्याला शिकायला आहेत. मी वही बदललेली नाही. त्या घरी जाऊन बसतो, चहा घेतो. बोलणे अजून चालू आहे.