झुडपाखाली ठेविलेले लेकरू

मसकेतील पाणी सरले तेव्हा हागारेने आपले लेकरू झुडपाखाली टाकिले, व ती बाणाच्या टप्प्यावर जाऊन बसली (उत्पत्ति, अध्याय 21). ती निर्दय नव्हती. घरातून घालविलेली, एकटी व थकलेली होती. विहीर जवळच होती, पण तिला ती दिसेना.

चांदूर रेल्वे तालुक्यातील बंधूंनो, घरभेटीस जाताना हे ध्यानी धरा. जेथे बाप कर्जाने खचला आहे किंवा दारूत बुडाला आहे, जेथे आईस बोलावयास शेजारीण नाही, जेथे मूल पोरके, सावत्र वा अपंग आहे, तेथे पुनःपुन्हा जावे. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा सुटलेली मुलगी दिसल्यास कारण विचारावे. अशा घरचे आईबाप दोषीच असतात असे नव्हे. पुष्कळांस केवळ विहीर दाखविणारा हवा असतो.

परंतु एखादे मूल विशिष्ट माणसास पाहून अंग चोरू लागले, तर तो माणूस मंडळीचा पंच का असेना, त्याची अब्रू आम्ही झाकू नये. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांस कळविणे 2012 च्या कायद्याने प्रत्येकास बंधनकारक आहे. 1098 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य दूरध्वनी करिता येतो. त्यासाठी पंचांच्या संमतीची वाट पाहू नये.