खिडकीची साक्ष

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातल्या लॅकॉक ॲबी या वाड्याचा मालक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने ऑगस्ट १८३५मध्ये तेथील दक्षिण दालनाच्या खिडकीची प्रतिमा प्रकाशसंवेदी कागदावर उमटवली. आज उपलब्ध असलेल्या निगेटिव्हांत ती सर्वांत जुनी मानली जाते. या वास्तूने आपले चित्र आपणच रेखाटले, अशी टॅल्बटची धारणा होती. ती स्वीकारली तर छायाचित्र हे वस्तूचे आत्मकथन ठरते. मग आत्मकथनातली सोयीस्कर विस्मृतीही त्यात संभवते काय?

लॅकॉक हा मुळात १२३२मध्ये काउंटेस एला हिने स्थापिलेला ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ. १५३९मध्ये तो बरखास्त झाला. विल्यम शॅरिंग्टन याने तो विकत घेतला, चर्च पाडले आणि मठाचे निवासस्थान केले. टॅल्बटची खिडकी उघडते ती त्या पाडलेल्या चर्चच्या जागेकडेच. प्रतिमेत मात्र खिडकीच तेवढी आहे.

प्रकाश साक्ष देतो ती उरलेल्याची. नाहीशा केलेल्याची साक्ष भाषेलाच द्यावी लागते. म्हणूनच अशा वास्तूत कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्याची जबाबदारी सौंदर्यग्रहणापाशी संपत नाही. संन्यासिनींचे काय झाले, हे चित्र विचारीत नाही. ते आपण विचारले नाही, तर आपले छायाचित्र शॅरिंग्टनचेच काम पुढे चालवते.