तीन-वीसची सावली

मे महिन्याच्या मध्यावर मुरुडमध्ये दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी माझ्या गाडीच्या कडेला बांधलेलं छत माझ्यावर सावली धरत नाही. त्याची सावली गाडीपासून साडेसहा फूट लांब, दुसऱ्याच्या जागेवर पडते. हे मी मोजून काढलं. पण त्यात माझं काय चुकतंय हे कळायला दोन बाजार गेले.

गाडी म्हणजे जुना बोलेरो पिकअप. चुलतभावानं आणि मी मिळून घेतला. मागच्या हौद्यावर प्लायवूडची खोली केली, झोपायला एक फळी, लॅपटॉपला एक फळी, वर छोटा पंखा. नोकरी पुण्याची, पण महिन्यातले पंधरा दिवस घरून काम चालतं. यूट्यूबवर ऑस्ट्रेलियातली माणसं ट्रकमध्ये संसार मांडून वाळवंटात फिरताना बघून डोक्यात किडा शिरला होता. आई म्हणाली, "घर असताना गाडीत कशाला झोपायचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे गाडीत किंवा गाडीच्या आडोशाला झोपणारे म्हणजे कारखान्याला निघालेले ऊसतोडीवाले, नाहीतर कलिंगडाचा टेम्पो लावून महिनाभर रस्त्यावर राहणारे. त्यांनी हौस म्हणून ताडपत्री ताणलेली नसते. आमची हौस होती, हे आधीच सांगून टाकतो.

तयार मिळणारं, गाडीच्या कडेला गुंडाळून ठेवायचं आणि ओढलं की उघडणारं छत असतं. त्याची किंमत बघून मोबाइल पालथा ठेवला. मग गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. त्याचा पहिला प्रश्न : "ताडपत्री का नेट?" मला वाटलं हा रंगाचा प्रश्न आहे. तो वाऱ्याचा होता. मे महिन्यात संध्याकाळी अवकाळी वारं सुटतं ते साठच्या वेगानं सहज येतं. सहा बाय आठ फुटांची ताडपत्री त्यात सापडली तर तिला पंचाहत्तर किलोच्या आसपास ओढ बसते, हे मी नंतर गणित मांडून पाहिलं. मिस्त्रीनं गणित न मांडताच सांगितलं की ताडपत्री बिजागरीसकट जाईल. शिवाय डोक्याच्या जरा वर ताणलेलं प्लास्टिक तापतं आणि खालच्या माणसाला तव्यासारखं भाजतं. शेडनेटमधून वारा आरपार जातो. आम्ही ७५ टक्क्यांची हिरवी नेट दोन पदरी घेतली, मध्ये चार बोटं हवा ठेवून. एक पदर शंभरातलं पंचवीस ऊन सोडतो, दुसरा त्या पंचवीसातलं पाव, म्हणजे हिशेबानं खाली सहाच्या आसपास उरतं. चौकोनी पाइपची चौकट केली, पण सगळं सुटं, नटबोल्टवर. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीत मनाला येईल तसे बदल करू देत नाही, आणि मला आरटीओशी तत्त्वचर्चा करायची नव्हती.

आता उन्हाचं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं आणि मुरुड त्याच्या सहा अंश पश्चिमेला आहे, म्हणून मे महिन्यात इथे सूर्य माथ्यावर येतो तो बारा-वीसच्या सुमाराला. मेच्या मध्यावर एक दिवस असा येतो की त्या वेळी उभ्या काठीला सावलीच राहत नाही. तेव्हा छताची सावली बरोब्बर छताखाली. त्यानंतर तीन तासांनी सूर्य पश्चिमेला क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांवर उतरलेला असतो. सात फुटांवरच्या छताची सावली तेव्हा साडेसहा फूट पूर्वेला सरकते. माझं छत गाडीच्या पूर्वेच्या बाजूला, रुंदी सहा फूट. म्हणजे मी छताखाली खुर्ची टाकून बसलो असलो, तरी माझ्यावर असते ती गाडीच्या धडाची सावली. छताची सावली माझ्या पुढ्यात, साडेसहा फुटांपासून साडेबारा फुटांपर्यंत. त्या वेळी मी छत काढून ठेवलं तरी मला काडीचा फरक पडत नाही.

बाजाराच्या दिवशी मी तशीच गाडी लावून काम करत बसलो होतो. समोर एक मावशी गावरान आंब्याची पाटी घेऊन बसल्या होत्या. दुपारभर छत्री धरून. तीनच्या पुढे बघितलं तर त्यांनी पाटी चार हात अलीकडे ओढली होती, छत्री मिटली होती, आणि नेटच्या सावलीत दोन गिऱ्हाइकं उकिडवी बसून आंबे दाबून बघत होती. थोड्या वेळानं एक म्हातारा आला, तो आंबे घ्यायला आलेलाच नव्हता. नुसता टेकला.

मी उठलो आणि छत गुंडाळलं.

चुलतभावाला म्हणालो, वारं सुटेल असं वाटतंय. वारं नव्हतं. त्यांचा आवाज कॉलमध्ये येत होता असंही म्हणता आलं असतं, पण कॉल पाचला होता. खरं कारण इतकंच की पाइप माझा, नेट माझी, मिस्त्रीचे पैसे माझे, आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

मावशींनी वर बघितलं. "सावली नेलास व्हय रं लेकरा?" तक्रार नव्हती. बस गेली का, असं विचारावं तसा सूर. पाटी मागे सरकवली, छत्री उघडली. म्हातारा उठून गेला.

ग्रीसमध्ये एक गोष्ट सांगत, ती डेमॉस्थेनिसच्या नावावर आहे. एका तरुणानं अथेन्सहून मेगाराला जायला गाढव भाड्यानं घेतलं. भर दुपारी वाटेत थांबले तर सावली एकच, गाढवाची. दोघांनाही तिच्यात बसायचं. मालक म्हणतो, मी गाढव भाड्यानं दिलं, सावली नाही. तरुण म्हणतो, गाढव घेतलं म्हणजे सगळंच घेतलं. डेमॉस्थेनिस इथे थांबला आणि निघाला. लोक ओरडले, पुढं काय झालं? तो म्हणाला, गाढवाच्या सावलीसाठी कान टवकारता आणि राज्याच्या कामाचं बोललो की ऐकत नाही. ग्रीकांमध्ये 'गाढवाची सावली' म्हणजे क्षुल्लक गोष्ट. मला वाटतं, त्यांनी मराठवाड्यातला मे काढला असता तर ही म्हण झाली नसती. पण त्या दोघांचं भांडण मला समजतं, कारण तिथे सावलीत एकच माणूस मावत होता. माझ्या सावलीत मला बसायचंच नव्हतं. गाढवाच्या मालकापेक्षा माझी बाजू लंगडी आहे.

कायद्यात काही सापडतं का म्हणून पाहिलं. १८८२चा इझमेंट कायदा आहे, आपण ज्याला वहिवाटीचा हक्क म्हणतो तो. त्याचं १५वं कलम सांगतं की एखाद्या इमारतीला वीस वर्षं विनाअडथळा उजेड आणि हवा मिळत आली असेल तर तो तिचा हक्क होतो. सावलीचा उल्लेख त्यात नाही. ज्यांच्याकडून आपण ही कल्पना घेतली त्यांच्या देशात उन्हासाठी भांडावं लागतं. आणि उजेडसुद्धा इमारतीला, पाटी घेऊन उघड्यावर बसलेल्या बाईला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं २००५ साली उघड्यावर राबणाऱ्यांसाठी उष्णतेचा नियम केला. त्यात आता पारा ८० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २७ अंशांच्या वर गेला की मालकानं सावली उभी करायची असं आहे. मुरुडमध्ये हे वर्षातल्या बहुतेक दुपारी लागू होईल. पण मावशींचा मालक कोण? त्याच.

तेव्हा हक्क नाही, ठरलं. मग गुंडाळताना मला खाली का बघावंसं वाटलं?

आमच्या धंद्यात याची एक गोष्ट आहे. २२ मार्च २०१६. एका प्रोग्रामरनं नावाच्या वादावरून चिडून आपलं सगळं फुकट दिलेलं कोड एनपीएमवरून काढून घेतलं. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचं अकरा ओळींचं एक चिटोरं होतं, मजकुराच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणारं. त्यावर जगभरातले हजारो प्रोजेक्ट टेकून होते, बहुतेकांना आपण टेकलोय हे माहीतही नव्हतं. सगळं कोसळलं. काही तासांत एनपीएमनं ते कोड लेखकाला न विचारता परत ठेवलं. कॉलेजात आम्ही यावर रात्र-रात्र वाद घातलाय. मी नेहमी लेखकाच्या बाजूनं असायचो : फुकट दिलं होतं, पगार घेतला नव्हता, टेकणाऱ्यांनी आपला खांब आपण बघावा. अजूनही यात तर्काची चूक मला दिसत नाही. फक्त आता असं वाटतं की 'मी देणं लागत नाही' एवढं सिद्ध झालं म्हणजे 'काढून घेतलं तर चालतं' हे आपोआप सिद्ध होत नाही. मधे एक पायरी आहे आणि मी ती कायम उडी मारून ओलांडत आलो. काढून घेण्यालाही कारण लागतं. माझ्याकडे ते नव्हतं, म्हणून मी वाऱ्याचं नाव घेतलं.

दहा मिनिटांनी मी छत पुन्हा उघडलं. मावशींना म्हणालो, "या अलीकडं, बसा." आणि इथे मी दुसरी चूक केली, जी मला पहिलीपेक्षा जास्त छळते. त्या आल्या. पण आता त्या सावलीच्या कडेला बसल्या, मधोमध नाही. गिऱ्हाईक मोठ्यानं बोललं तर त्याला हळू म्हणून खुणावलं. उठताना दोन आंबे माझ्या टेबलावर ठेवले. मी नको म्हणालो, पैसे काढले. "ऱ्हाऊ दे की. एवढा वेळ बसलाव तुझ्या सावलीत." तीन वाजता ती नुसती सावली होती. चार वाजता ती माझी झाली होती, आणि तिचं भाडं दोन आंबे.

२०१६च्या उन्हाळ्यात मी बारावी देऊन घरी बसलो होतो. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर तेच. आमच्या गल्लीत एकाच्या बोअरला थोडं पाणी टिकून होतं. त्यानं एक काम केलं : नळी कंपाउंडच्या भिंतीबाहेर काढली आणि रोज सकाळी तासभर मोटर चालू ठेवायला लागला. स्वतः बाहेर येत नसे. कुणाला दार वाजवायला लागायचं नाही, कुणाची घागर कितवी हे तो बघायचा नाही. तेव्हा आम्ही त्याला घुमा म्हणायचो. त्याचं पाणी तर दिल्यानं कमी होत होतं, माझ्या सावलीसारखं नव्हतं. मे अखेरीला बोअर आटलं तेव्हा त्याला लोकांनी शिव्याही दिल्या, रिकाम्या नळीपाशी उभं राहून. त्यानं दार उघडलं नाही. तो कशासाठी आत बसायचा हे मला दहा वर्षांनी, दोन आंबे हातात घेऊन उभा असताना कळलं.

पुढच्या बाजाराला मी ठरवून आधी गेलो. गाडी अशी लावली की तीनला सावली नेमकी मावशींच्या जागेवर जाईल, छत उघडलं, आणि खुर्ची बाहेर न टाकता आत फळीवर बसलो, खिडकी लोटून. तीन वाजले. सव्वातीन. फटीतून बघितलं तर सावलीत दोन कुत्री आणि शेंगदाणेवाल्याचा मुलगा. मावशी रस्त्याच्या पलीकडे, छत्री धरून.

जाताना त्यांच्याकडून किलोभर आंबे घेतले. विचारलं, इकडं का बसलाव? त्या तराजूकडे बघत म्हणाल्या, "तुला कवा गाडी न्यायची आसंल, कवा नाही. मधीच उठायला लागतंय. छत्री आपली बरी."

मग वजन झाल्यावर वर एक आंबा टाकला.