वीणा वाजवूनही चैन पडली नाही तर?

आजचं वाचन : १ शमुवेल १६:१४-२३



शौल राजा बेचैन झाला की दावीद वीणा वाजवायचा आणि राजाला बरं वाटायचं. हा उतारा वाचला की मला ह्युगो व्हान डेर गूस आठवतो. पंधराव्या शतकातला, गेंट शहरातला नावाजलेला चित्रकार.

त्याचं पोर्टिनारी वेदीचित्र नेटवर नक्की बघा. बाळ येशू गव्हाणीत नाही, उघड्या जमिनीवर आहे. उजवीकडे मेंढपाळ धावत आलेत. रापलेले चेहरे, राबलेले हात, एकाचं तोंड आश्चर्याने उघडंच राहिलंय!

नाव झालेलं असताना ह्युगो ब्रुसेल्सजवळच्या एका मठात साधा बंधू म्हणून दाखल झाला. तिथेही तो चित्रं काढत राहिला. पुढे एकदा प्रवासातून परतताना त्याचं मन कोसळलं. आपला नाश ठरलेलाच आहे, असं तो म्हणू लागला. स्वतःला इजाही करणार होता, सोबत्यांनी आवरलं.

मठाच्या प्रमुखाला, थॉमसला, आजचाच उतारा आठवला. त्याने ह्युगोजवळ संगीत वाजवायला सांगितलं. पण शौलासारखा गुण काही आला नाही.

मग बंधूंनी काय केलं? रात्रंदिवस त्याची सेवा केली. त्याच मठातल्या गास्पार ऑफहाउसने हे सगळं लिहून ठेवलंय. हातातली चित्रं पुरी कशी होणार, या काळजीनेही तो पोखरला गेला होता, असंही तो नोंदवतो. डेडलाइनचं ओझं आपल्यालाच असतं असं नाही!

ह्युगो काहीसा सावरला आणि १४८२ च्या सुमारास वारला. त्याचं ते चित्र १४८३ मध्ये फ्लॉरेन्सला पोहोचलं. आज ते तिथल्या उफीझी संग्रहालयात आहे.

मित्रांनो, ज्या हातांनी असा ख्रिस्तजन्म रंगवला, त्याच माणसाला वाटत होतं की देवाने आपल्याला टाकलंय. म्हणून कुणी म्हणालं, "प्रार्थना करूनही बरं वाटत नाही," तर "तुझा विश्वास कमी पडतोय" असं पटकन बोलू नका. शौलाच्या सेवकांनी राजाला उपदेश केला नाही, मदत करणारा माणूस शोधून आणला. आपणही सोबत बसू, डॉक्टरकडे घेऊन जाऊ. आणि एका वीणेने भागलं नाही, तरी उठून जायचं नाही.

आणि आज तूच त्या अंधारात असशील, तर एवढं ऐक : तुला जे वाटतंय, तो देवाचा निकाल नाही. आजच कुणाला तरी सांग.

प्रार्थना : प्रभू, खचलेल्यांजवळ थांबायचं बळ आम्हाला दे. आमेन.