‘काय बे’चं वजन

सोलापुरात दोन दोस्त समोरासमोर आले की पहिला शब्द निघतो, ‘काय बे?’ त्यात राग नसतो, तुच्छता नसते. उलट ‘बे’ गळला तर समोरच्याला वाटावं, हा आज रुसलाय की काय. नागपूरकरांनाही हा ‘बे’ घरचाच. पण तोच पुण्यात नव्या ओळखीच्या माणसापुढे तोंडातून गेला की त्याच्या कपाळावर आठी पडते. शब्द तोच, बोलणारा तोच. मग अपमान आला कुठून?

सोपं उत्तर असं, की ज्याचा अर्थ घाण ती शिवी. हे उत्तर जरा तपासून पाहू. ‘बे’ला सांगण्याजोगा अर्थच नाही, ती नुसती हाक आहे, तरी ती लागते. उलट कोकणातला ‘शिंच्या’ घ्या. ‘शिंदळीच्या’ या शब्दाचं हे झिजलेलं रूप. मूळ अर्थ थेट आईच्या चारित्र्यावर जाणारा, पण रत्नागिरीकडच्या म्हाताऱ्याच्या तोंडी तो कौतुकालाही चालतो. पश्चिम महाराष्ट्रातली आजी ‘तुझा मुडदा बशिवला’ म्हणते आणि त्याच हाताने नातवाच्या ताटात भाकरी वाढते. शब्दशः घेतलं तर ती नातवाचं मरण चिंतते आहे! म्हणजे अर्थ नसूनही शब्द लागतो आणि भयंकर अर्थ असूनही लागत नाही. शिवीचं वजन अर्थात नाही.

ते आहे नात्यात. कोण कुणाला म्हणतो, कुणासमोर म्हणतो आणि तसं म्हणायचा हक्क त्याला दिलाय का, यावर ते ठरतं. सोलापूर हे समजून घ्यायला फार चांगलं गाव आहे, कारण इथे एकाच बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी ऐकू येते. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू चालते. तिथे दोस्ताला ‘एंरा’ आणि मोठ्यांना ‘एमंडी’. कन्नड बोलणाऱ्या घरात दोस्ताला ‘एनो’, मोठ्यांना ‘एन्री’. मराठीत ‘काय बे’ आणि ‘काय ओ’. भाषा बदलली तरी रीत एकच: जवळिकीची हाक परक्याला किंवा वडीलधाऱ्याला लावली की ती अपमान ठरते. सोलापूरचं पोर हे व्याकरण शाळेत जायच्या आधी शिकतं. दोस्ताला दिवसभर ‘बे’ म्हणणारा त्याच्या वडिलांशी बोलताना तो शब्द आपसूक गिळतो.

नातं जसं हक्क देतं, तसा गाव एखादा दिवसही नेमून देतो. सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी ही शेजारची गावं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हा ‘बोरीचा बार’. त्या दिवशी तो सण असतो. एरवी तेच शब्द भांडणाला पुरले असते.

मग प्रांताच्या नावावर सगळंच माफ का? नाही. जात काढून दिलेली शिवी कुठल्याच मातीत गोड होत नाही, कारण ती जवळिकीतून आलेली नसते. समोरच्याला पायरी दाखवण्यासाठीच ती घडवलेली असते. म्हणूनच १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत जातिवाचक शिवीगाळ करणं गुन्हा ठरवलं. आई-बहिणीवरच्या शिव्यांचंही तसंच. त्यात दोन दोस्तांची संमती असेल, पण जिचं नाव घेतलं जातं तिला कुणी विचारलेलं नसतं. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने २०२४ साली अशा शिव्या देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला, तो याच कारणासाठी.

‘आमच्याकडं असंच बोलतात’ हे वाक्य आपण फार सहज फेकतो. ते खरं असतं, पण त्याचा आधार घ्यायचा तर ऐकणाराही ‘आमच्याकडचा’ हवा. तो नसेल, तर शब्दाचं वजन त्याच्या काट्यावर होणार, आपल्या नव्हे. तेव्हा सोलापूरकरांनो, ‘बे’ सोडू नका. फक्त समोरच्याने आपण होऊन ‘बे’ म्हणेपर्यंत थांबा.